न सापडलेल्या कागदांचा हिशोब

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये दोन दिवस बसले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसं त्यांना कबूल केलंय. डिपार्टमेंट म्हणजे सात माणसं, भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं आणि सर्व्हरवरचे काही हजार करार. गेल्या वर्षी त्यांनी जनरेटिव्ह एआयचं एक टूल घेतलं. पुरवठादारांबरोबरचे करार त्यात टाकायचे आणि सरळ विचारायचं : आपल्या कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याला करार मोडता येईल, असं कलम कुठल्या कुठल्या करारात आहे? मिनिटभरात यादी हजर. करार कुठला, कलम कितवं, त्यात म्हटलंय काय, सगळं नीट वाक्यांत.

विभागाच्या प्रमुख मॅडम वीस वर्षं या कामात आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही आंधळा विश्वास नाही ठेवत हं. यादीतला प्रत्येक करार माणूस उघडून बघतो."

मी विचारलं, "आणि मॅडम, जे यादीत आलेच नाहीत ते?"

"ते कशाला बघायचे? त्यात ते कलम नाही म्हणून तर यादीत नाहीत ना!"

मला एकदम १९८५ सालच्या एका शोधनिबंधाची आठवण झाली. त्यातले वकीलही असेच निर्धास्त होते. माझी पीएचडी नेमकी या निर्धास्तपणावर आहे. (एम.एस्सी. संख्याशास्त्रात केली, त्यामुळे "तू कायद्यात काय करतेस?" हा प्रश्न घरच्या प्रत्येक लग्नात येतो. हा लेख त्या सगळ्या मामा-मावश्यांनाही पाठवणार आहे.)

लोकांना वाटतं, कंपन्यांच्या कायदा विभागात यंत्र शिरलं ते चॅटजीपीटी आल्यावर, म्हणजे नोव्हेंबर २०२२ नंतर. प्रत्यक्षात ही गोष्ट साठ-पासष्ट वर्षांची आहे, आणि तिची सुरुवात यंत्राच्या नाही, माणसांच्या चुकीपासून होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातली १९५० च्या दशकाच्या शेवटची गोष्ट. राज्याच्या आरोग्यविषयक कायद्यांमध्ये 'रिटार्डेड चाइल्ड' हा शब्दप्रयोग जिथे जिथे असेल तिथे तो काढून 'एक्सेप्शनल चाइल्ड' घालायचं ठरलं. पिट्सबर्ग विद्यापीठात जॉन हॉर्टी नावाचे कायद्याचे अभ्यासक होते, त्यांच्याकडे हे काम आलं. त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावलं : सगळे कायदे वाचा, शब्द सापडला की खूण करा. मुलांनी वाचलं. तपासलं तर बऱ्याच जागा सुटलेल्या. दुसऱ्या मुलांना बसवलं, तरी सुटल्याच. शेवटी हॉर्टींनी सगळे कायदे पंच कार्डांवर उतरवून घेतले आणि शब्द शोधायचं काम कॉम्प्युटरला दिलं. १९६० साली अमेरिकन बार असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी याचं प्रात्यक्षिक दाखवलं. कायद्याच्या संपूर्ण मजकुरात यंत्राने शब्द शोधण्याचा उद्योग इथून सुरू झाला. पुढे ओहायोतल्या वकिलांच्या संघटनेने हा धागा उचलला आणि त्यातून १९७३ मध्ये लेक्सिस ही सेवा बाजारात आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र आणलं ते माणसाकडून कागद सुटतात म्हणून. म्हणजे 'किती सुटलं?' हा प्रश्न या क्षेत्राच्या जन्मातच आहे. तो नंतर विसरला गेला, ही पुढची गोष्ट.

हॉर्टींचं काम कायद्यांच्या पुस्तकांवर होतं. कंपन्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे खटला आला की लाखो पानं उपसावी लागत, कारण अमेरिकी पद्धतीत खटल्याच्या आधीच समोरच्या पक्षाला संबंधित कागद दाखवावे लागतात. डिसेंबर १९६८ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीने आयबीएमवर मक्तेदारीचा दावा लावला. पुढच्याच महिन्यात अमेरिकी सरकारनेही आयबीएमवर खटला भरला. कंट्रोल डेटाच्या लोकांनी आयबीएमकडून आलेल्या कागदांची कॉम्प्युटरवर एक भलीमोठी सूची तयार केली : कुठला कागद कशाबद्दल, कुणी कुणाला लिहिलेला. कागद मूळचे आयबीएमचे, पण त्यांत वाट दाखवणारी सूची शत्रूच्या हातात.

जानेवारी १९७३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. आयबीएमने आपली सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन ही उपकंपनी कंट्रोल डेटाला दिली, आणखीही बरंच काही दिलं. आणि त्या तडजोडीत ठरल्याप्रमाणे ती सूची नष्ट करण्यात आली. सरकारी वकील हातात डोकं धरून बसले असणार, कारण तेही तिच्यावर भिस्त ठेवून होते. ते कोर्टात गेले, पण नष्ट झालेली सूची परत कुठून येणार? सरकारचा तो खटला पुढे १९८२ पर्यंत रखडला आणि शेवटी सरकारनेच मागे घेतला. सूची राहिली असती तर सरकार जिंकलं असतं असं मी म्हणत नाही. पण एका कंपनीच्या वकिलांना कागदांपेक्षा 'कागद सापडण्याची सोय' जास्त धोकादायक वाटली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आयबीएमही गप्प बसली नव्हती. तिच्या स्वतःच्या वकिलांना लागणाऱ्या साधनांमधूनच मजकूर शोधणारी प्रणाली वाढत गेली, आणि ती पुढे 'स्टेअर्स' या नावाने विकायला आली. त्या काळच्या मोठ्या मेनफ्रेमवर चालणारं हे सॉफ्टवेअर. शब्द टाका, 'आणि', 'किंवा', 'नाही' अशी जोडणी करा, ते शब्द असलेले कागद समोर येतात. आणि याच स्टेअर्सची परीक्षा घेणारा निबंध म्हणजे तो १९८५ चा.

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोघांनी हा प्रयोग केला. एका कंपनीवर मोठा खटला चालू होता. बचाव पक्षाकडे सुमारे ४०,००० दस्तऐवज होते, जवळपास साडेतीन लाख पानं, सगळी स्टेअर्समध्ये भरलेली. खटला लढवणारे दोन मुख्य वकील आणि त्यांचे दोन पॅरालीगल या प्रयोगात सामील झाले. पद्धत अशी : वकील काय हवंय ते सांगणार, पॅरालीगल त्याचा यंत्राला कळेल असा प्रश्न बनवणार, आलेले कागद वकील वाचणार, "हे नाही, अजून असं असं बघ" म्हणणार, परत शोध. वकिलाचं समाधान होईपर्यंत हे चालू. समाधान म्हणजे काय तेही आधीच ठरलं होतं : खटल्याच्या बचावासाठी विषयाशी संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के हातात यायला हवेत, असं वकिलांनी स्वतः सांगितलं होतं. असे एकूण ५१ प्रश्न घेतले. वकील प्रत्येक वेळी "झालं, मिळालं" म्हणेपर्यंत थांबले.

मग ब्लेअर आणि मॅरन यांनी मॅडमना मी विचारला तोच प्रश्न विचारला : न सापडलेल्यांचं काय? यंत्राने न दिलेल्या कागदांमधून त्यांनी नमुने काढले, ते सापडलेल्या कागदांत मिसळले आणि त्याच वकिलांना वाचायला दिले. कुठला कागद कुठल्या ढिगातला, हे वकिलांना माहीत नव्हतं. निकाल असा, की यंत्राने जे दिलं होतं त्यातलं सरासरी ७९ टक्के खरोखर कामाचं होतं. पण कामाचे जेवढे कागद अस्तित्वात होते, त्यांपैकी हाती आले होते सरासरी फक्त २० टक्के.

७५ मिळाले या समजात असताना हातात होते २०!

आमच्या विषयात या दोन आकड्यांना प्रिसिजन आणि रिकॉल म्हणतात. बाजारातून आणलेल्या आंब्यांपैकी गोड किती निघाले, हे प्रिसिजन. बाजारात जेवढे गोड आंबे होते त्यातले तुमच्या पिशवीत किती आले, हे रिकॉल. पहिला आकडा घरी बसून कळतो. दुसरा कळायला न घेतलेले आंबे चाखावे लागतात, आणि ते कुणी करत नाही. वकिलांची फसगत इथेच झाली. समोरचे कागद चांगले आहेत, म्हणजे शोध चांगला झाला, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं.

रिकॉल एवढा कमी का? निबंधातला हा भाग मी कितीदा वाचलाय ते सांगता येणार नाही. खटला एका अपघाताशी संबंधित होता. वकील 'अपघात' हा शब्द शोधत होते. पण ज्यांच्यावर ठपका येऊ शकत होता त्या लोकांनी आपल्या पत्रांत 'अपघात' हा शब्द वापरलाच नव्हता. त्यांच्या लेखी ती 'घटना' होती, 'प्रसंग' होता, 'अडचण' होती, कुठे 'दुर्दैवी परिस्थिती'. (आपल्याकडच्या चौकशी अहवालांची भाषा आठवा, लगेच पटेल.) एका यंत्रभागाबद्दल शोध घेताना कळलं, की त्याच गोष्टीला वेगवेगळ्या माणसांनी तीन-चार वेगळी नावं दिली होती, त्यांतलं एक 'रोमन सर्कल मेथड' असंही होतं. हे आधी कोण ओळखणार? त्यात टायपिस्टच्या स्पेलिंगच्या चुका. म्हणजे कागद लपवले नव्हते. माणसं आपापल्या भाषेत बोलत होती, एवढंच.

पुढची वीस वर्षं मी भरभर सांगते, कारण तंत्राच्या बाजूने तिथे फार काही घडलं नाही. घडलं ते कंपन्यांच्या आत. त्याआधी अमेरिकेत कंपनीचा पगारी वकील म्हणजे दुय्यम माणूस, महत्त्वाचं काम बाहेरच्या बड्या फर्मला, असा रिवाज पडला होता. १९८० नंतर तो बदलायला लागला. जनरल इलेक्ट्रिकने १९८७ मध्ये बेन हाइनमन यांना प्रमुख कायदा अधिकारी म्हणून आणलं आणि घरातच दर्जेदार वकिलांची फौज उभी केली. ड्यूपाँने १९९२ पासून बाहेरच्या शेकडो फर्म्सची संख्या काही डझनांवर आणली. बाहेरचं बिल कमी करणं हे कायदा विभागाचं कामच बनलं. आज एआय घेताना जो पहिला प्रश्न विचारला जातो, 'किती तास वाचतील?', तो इथून आलाय.

मग ईमेल आली आणि कागदांचे ढीग डोंगर झाले. या डोंगरातला एक तर सगळ्या जगाने वाचला : एन्रॉन. कंपनी बुडाल्यावर चौकशीच्या ओघात अमेरिकी ऊर्जा नियामकाने २००३ मध्ये तिच्या सुमारे दीडशे लोकांच्या ईमेल खुल्या केल्या, पाच लाखांच्या आसपास. त्यात कंपनीच्या कायदा विभागाच्याही मेल आहेत : कराराचे मसुदे, 'हे कलम बदला', 'जेवायला येतेस का'. संशोधकांना अशी खरी सामग्री कुठे मिळत नव्हती, त्यामुळे मजकूर शोधण्याचे असंख्य प्रयोग याच मेलवर झाले. गंमत म्हणजे २०२० मध्ये भाषिक मॉडेलना शिकवण्यासाठी 'द पाइल' नावाचा जो मोठा मजकूरसंग्रह खुला झाला, त्यातही या मेल आहेत. म्हणजे आजची काही मॉडेलं ऑफिसातलं इंग्रजी थोडंफार एन्रॉनकडून शिकलीत.

हा डोंगर वाचायचा कुणी? इथे मुंबई येते. २००४ मध्ये पँजिया३ नावाची कंपनी सुरू झाली. तिचे ग्राहक अमेरिकेतल्या कंपन्या आणि त्यांचे कायदा विभाग, आणि काम करणारे मुंबईत बसलेले भारतीय कायदा पदवीधर. कागद वाचायचा, संबंधित आहे की नाही ते ठरवायचं, पुढचा कागद. करारातली कलमं वेचून तक्ते भरायचे. २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने ही कंपनी विकत घेतली, २०१९ मध्ये ती ईवायकडे गेली. या उद्योगाला एलपीओ म्हणायचे. आज जनरेटिव्ह एआय कायदा विभागात जे काम करतंय, ते नव्वद टक्के तेच आहे जे काल हे लोक करत होते. (नव्वद हा माझा अंदाज आहे, मोजलेला नाही. मीच असे आकडे फेकायला लागले तर कसं होणार.) या मुलामुलींचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा. एआयवरच्या चर्चेत 'वकिलांच्या नोकऱ्या' म्हटलं की डोळ्यांपुढे काळा कोट येतो, तो चुकीचा फोटो आहे.

आता माझ्या आवडीचा प्रसंग. फेब्रुवारी २०१२, न्यूयॉर्कचं फेडरल कोर्ट, न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांच्यापुढे डा सिल्व्हा मूर विरुद्ध पब्लिसिस हा खटला. महिला कर्मचाऱ्यांशी भेदभाव केल्याचा आरोप. तपासायच्या ईमेल सुमारे ३० लाख. कंपनीच्या वकिलांनी सुचवलं की काही हजार मेल अनुभवी वकील वाचतील, त्यावरून यंत्र शिकेल आणि उरलेल्यांची क्रमवारी लावेल. पेक यांनी परवानगी दिली. कोर्टाने अशा पद्धतीला उघडपणे मान्यता दिल्याचा हा पहिला निर्णय मानला जातो.

पण मला त्यातला एक छोटा तपशील महत्त्वाचा वाटतो. दोन्ही पक्षांपुढे जी कार्यपद्धती ठेवली होती, तिच्यात २,३९९ हा आकडा आहे. तीस लाखांमधून एवढ्या मेल यदृच्छेने काढल्या, तर एखाद्या गोष्टीचं प्रमाण २ टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने, ९५ टक्के खात्रीने सांगता येतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं गणित. आणि शेवटच्या टप्प्यात यंत्राने 'असंबंधित' म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगातूनही असाच नमुना काढून माणसाने वाचायचा होता. टाकलेल्या ढिगाची ही तपासणी म्हणजे एल्यूजन टेस्ट. ब्लेअर आणि मॅरन यांचा प्रश्न सत्तावीस वर्षांनी रीतसर कोर्टाच्या कागदावर आला.

मग तो पुन्हा हरवला कसा?

माझं म्हणणं असं, की तो हरवला कारण यंत्र बोलायला लागलं. स्टेअर्स कागद देत होतं. २०१२ चं यंत्र शून्य ते शंभर असे गुण देत होतं. गुण दिसले की माणूस विचारतो, 'कितीच्या खालचे टाकायचे?' आणि मग टाकलेल्यांचा विचार आपोआप होतो. आत्ताचं यंत्र म्हणतं, 'तुमच्या करारांपैकी पुढील ३१ करारांमध्ये असं कलम आढळतं.' या वाक्यात टाकलेला ढीगच नाही. वाक्य पूर्ण आहे, पूर्णविराम आहे.

त्यात बातम्यांनी आपलं लक्ष दुसरीकडे वेधलं. जून २०२३ मध्ये माटा विरुद्ध अव्हियांका या खटल्यात वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले होते. तेव्हापासून एआय आणि कायदा म्हटलं की 'खोटे निवाडे' एवढंच डोक्यात येतं. धोका खरा आहेच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये वकिलांसाठीच बनवलेली नामांकित टूल्स तपासली, तर तीही १७ ते ३३ टक्के वेळा चुकीचं किंवा निराधार सांगत होती. पण रचलेला निवाडा शोधता येतो. नाव टाका, नाही सापडला, पकडला. अव्हियांकाच्या वकिलांनी तसाच पकडला. सुटलेल्या कलमाचा असा काही मागमूस राहत नाही. कंपनीच्या आतल्या कामात कोर्टात निवाडे देण्याचा भाग थोडा, करार चाळण्याचा भाग मोठा. जेपी मॉर्गनच्या ज्या यंत्राची २०१७ मध्ये बातमी झाली, ते वर्षाला ३,६०,००० तासांचं काम सेकंदांत करतं म्हणून, ते सुद्धा कर्जाचे करारच वाचत होतं. म्हणजे या विभागांचा खरा धोका सुटण्याचा, आणि सगळी खबरदारी रचण्याविरुद्ध.

भाषिक मॉडेल का सोडतं? 'अपघात' आणि 'दुर्दैवी परिस्थिती' यांतलं नातं त्याला कळतं, तेवढी १९८५ ची अडचण खरंच बरीचशी सुटली आहे. पण करार लांब असला की टूल त्याचे तुकडे करतं आणि प्रश्नाशी जुळणारे थोडेच तुकडे मॉडेलपुढे ठेवतं. संपूर्ण दिला, तरी लांब मजकुराच्या मधल्या भागातली माहिती मॉडेलकडून जास्त दुर्लक्षित होते, असं २०२३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं. शिवाय आपल्याकडचे कागद! स्टॅम्प पेपरवर छापलेला करार, त्यावर नोटरीचा शिक्का नेमका कलमावर, तिरका स्कॅन, आणि तीन वर्षांनी केलेली दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये.

आणि एक उलटी चूकही आहे, ती मी त्या ऑफिसात डोळ्यांनी पाहिली. जुनं यंत्र एकच गोष्ट दोन शब्दांत असली की वेगळी समजायचं. नवं यंत्र दोन वेगळ्या गोष्टी जवळच्या शब्दांत असल्या की एक समजतं. त्यांच्या गोदामांचे आणि गेस्ट हाउसचे करार होते, काही लीजचे, काही लिव्ह अँड लायसन्सचे, दोन-तीन जुने मराठीत 'भाडेपट्टा' म्हणून. टूलने सगळ्यांची एकच मोट बांधली : भाडेकरार. बोलण्यात आपणही तेच करतो. पण कायद्यात लीज १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतं आणि त्यात जागेवर हक्क तयार होतो. लायसन्स त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याखाली येतं, ती फक्त वापरायची परवानगी. जागा परत घ्यायची वेळ आली की हा फरक कंपनीला लाखोंना पडतो. शब्दांच्या जवळिकीवर शिकलेल्या यंत्राला तो दिसायला हवा असेल तर तसं मुद्दाम विचारावं लागतं, आणि विचारायला तो फरक आधी माणसाला माहीत असावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं संरक्षण कंपनीच्या अशा पगारी कायदा अधिकाऱ्यांना लागू होत नाही. कलम १३४ खाली काही मर्यादित संरक्षण उरतं. आता विचार करा : टूलला विचारलेले प्रश्न आणि त्याने दिलेल्या याद्या कुठेतरी साठत असतात. उद्या वाद झाला तर 'तुम्ही विचारलं होतंत, उत्तर ३१ आलं होतं, उरलेले तुम्ही पाहिले का?' हे कुणीही विचारू शकेल. कंट्रोल डेटाची सूची निदान एका ठिकाणी होती.

पुन्हा त्या ऑफिसात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडलं. समजा करार २००, यादीत आले ३१, उरले १६९. उरलेल्यांतून यदृच्छेने ४० काढले, वाचले, आणि त्यात ३ सुटलेले निघाले. मग १६९ मध्ये साधारण १२-१३ सुटले असतील, म्हणजे रिकॉल ७० टक्क्यांच्या आसपास. पण नमुना लहान आहे. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर सुटलेले ३ पासून ३४ पर्यंत काहीही असू शकतात, म्हणजे रिकॉल ९१ टक्क्यांपासून पार ४८ टक्क्यांपर्यंत.

"हे काय, एवढं मोठं अंतर? मग उपयोग काय याचा?" त्यांच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी सांगितलं की नमुना वाढवला तर अंतर कमी होतं, पण वाचायला तास लागतात. मालकी बदलण्याचं कलम सुटलं तर होणारं नुकसान मोठं, म्हणून तिथे जास्त वाचा. पत्ता बदलल्याची नोटीस कुठे पाठवायची, असल्या कलमासाठी नका वाचू. मॅडम बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे टूलने वाचवलेले तासच परत यात घालायचे?"

"सगळे नाही, थोडे."

"ते थोडे आमच्या बजेटमध्ये कुठे दाखवू? टूल घेताना मी वर 'वाचलेले तास' असा तक्ता दिलाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संख्याशास्त्रात त्याचं सूत्र नाही. मी एक्सेलमध्ये चाळीस यदृच्छ आकडे काढून दिले. त्यांनी पहिला आकडा पाहिला, चष्मा लावला आणि कपाटाची किल्ली मागवली, कारण तो करार २००९ चा होता आणि स्कॅनमध्ये त्याची शेवटची दोन पानं नव्हती.